मीठ टाका म्हणे झाडाले!

"अवो बाई, तुमच्या संत्र्याले डिंक येऊन राहिला. पाहिला का?"

भिंतीपलीकडून काकूंनी ही बातमी दिली तेव्हा सकाळचे साडेसात झाले असतील. आठ वाजेपर्यंत ती गल्लीच्या टोकाला पोचली होती. आमची वाडी म्हणजे नागपूरच्या अमरावती रोडवरचं ट्रकांचं आणि गोदामांचं गाव. हायवेवर रात्रंदिवस धडधड चालते, पण आतल्या गल्ल्यांत अजून घरापुढे थोडंफार अंगण आहे, अंगणात एखादं झाड आहे, आणि त्या झाडाला काही झालं की मत द्यायला माणसं हजर आहेत. पहिलं मत आलं, नजर लागली. दुसरं, झाडाखाली कुणीतरी काहीतरी पुरलं असेल. हे ज्या बाईंचं मत, त्यांना गल्लीतल्या प्रत्येक घराखाली काहीतरी पुरलेलंच दिसतं, त्यामुळे ते सोडून देऊ. तिसरं मत कोपऱ्यावरच्या भाऊंचं. भाऊ आयुध निर्माणीतून रिटायर झालेले, त्यामुळे त्यांचं मत नेहमी धडाक्यात येतं.

"बुरशी आहे ते," भाऊ म्हणाले. "बुंध्यात मिठाचं पाणी टाका. लोणच्याले बुरशी काऊन नाही येत? मीठ असते म्हणून. सिंपल गोष्ट आहे."

काकूंना हे एकदम पटलं. पटायला आणखी एक कारण होतं. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या आरओचं जे पाणी वाया जातं, त्याची नळी त्यांनी उन्हाळ्यापासून भिंतीवरून माझ्या संत्र्याच्या आळ्यात सोडली आहे. पाणी नालीत कशाला जाऊ द्यायचं, शेजारणीचं झाड तरी जगेल, एवढाच त्यामागचा हेतू. "मंग काय," त्या म्हणाल्या, "आरओचं ते पानी खारटच असते. म्हणजे दवाई आधीच चालू आहे न तुमच्या झाडाले!"

आता शेजारणीच्या चांगुलपणाला नाही कसं म्हणायचं? मी चहाचे दोन कप भिंतीवर ठेवले आणि विषय लांबून काढला.

माझं माहेर काटोलकडचं. तिकडे याला डिंक्या म्हणतात, आणि डिंक्याचं नाव निघालं की बगीचावाल्याचा चेहरा उतरतो. आमच्या झाडावर तो कसा दिसत होता ते सांगते. जमिनीपासून वीतभर वर, कलमाच्या जोडाच्या जरा खाली, सालीला उभी चीर. चिरेतून तांबूस पिवळा डिंक ओघळलेला. खालचे थेंब वाळून टणक झालेले, वरचा एक ताजा, बोटाला चिकटणारा. चाकूच्या टोकाने साल थोडी उकलली तर आत जिथे पांढरं लाकूड दिसायला हवं तिथे तपकिरी पट्टा, कडेने पाणी धरलेला. डिंक साल खाणाऱ्या अळीनेही येतो, पण मग भोक आणि भुसा दिसतो. इथे भुसा नव्हता. वरच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडलेल्या, आणि एका फांदीला फळंच फळं, पानं जवळपास नाहीत. माझा दादा म्हणतो, जायच्या आधी झाड असंच लदबदून येतं. शेजारी कौतुक करतात आणि मालकाच्या पोटात गोळा उठतो.

"हाव न," काकू म्हणाल्या, "मी परवाच म्हनलं, यंदा काय फळ धरलं बाप्पा!"

याला जबाबदार जी आहे तिचं नाव फायटोप्थोरा. पंचाईत अशी, की सगळे हिला बुरशी म्हणतात, कृषी केंद्रवाला म्हणतो, मीही म्हणते, पण ही लोणच्यावरच्या बुरशीच्या कुळातली नाही. दिसायला तसेच पांढरे धागे, सवयीही तशाच, पण नात्यागोत्याने ही समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या जवळची. खऱ्या बुरशीच्या पेशीभिंतीत कायटिन असतं, हिच्यात मुख्यतः सेल्युलोज आणि त्याच्या जातीचे ग्लुकान. बुरशीच्या पेशीला ज्या अर्गोस्टेरॉलशिवाय चालत नाही ते ही स्वतः बनवतच नाही. त्यामुळे अर्गोस्टेरॉलवर घाव घालणारी बुरशीनाशकं हिच्यावर फवारली तर पैसे जातात, ही जात नाही. आणि ही फक्त शेतातली गोष्ट नाही. हिची एक चुलत बहीण, पिथियम इन्सिडिओसम, साचलेल्या पाण्यातून माणसाच्या डोळ्यात जाते आणि बुबुळावर जखम करते. दिसते अगदी बुरशीच्या जखमेसारखी, पण बुरशीच्या थेंबांना नीट दाद देत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी यावर बरंच काम केलं आणि लिनेझोलिड, अझिथ्रोमायसिन ही चक्क जंतूंवरची औषधं तिथे वापरात आली. धानाच्या बांधीत काम करताना डोळ्यात चिखल उडाला आणि डोळा लाल झाला, तर घरगुती थेंबांवर दिवस काढू नयेत ते यासाठी.

"डोळ्याचं राहू द्या," काकू म्हणाल्या. त्यांना सकाळी सकाळी डोळ्याचं चालत नाही. "झाडात शिरते कशी ते सांगा."

पोहत शिरते. माती पाण्याने गच्च भरली की हिच्या बारीक, लिंबाच्या आकाराच्या पिशव्या उघडतात आणि एकेकीतून बीजाणूंचा थवा बाहेर पडतो. प्रत्येकाला दोन शेपट्या, एक पुढे ओढणारी, एक मागे राहणारी. झाडाच्या मुळांतून साखर, अमिनो आम्लं असं काहीबाही सतत झिरपत असतं. गल्लीत कुणाकडे भज्यांचा घाणा पडला की पोरं जशी न बोलावता दारात उभी राहतात, तसे हे बीजाणू मुळाच्या कोवळ्या टोकापाशी जमा होतात. जमले की शेपट्या टाकतात, अंगाभोवती कवच धरतात, एक बारीक नळी काढतात आणि मुळात घुसतात. पाणी आटलं, मूळ मेलं, तरी हिचं काही अडत नाही. जाड भिंतीचे गोळे करून ती मातीत काही वर्षं पडून राहते आणि पुढच्या पाण्याची वाट बघते.

अशी रोगट माती कशी ओळखतात ते बघण्यासारखं असतं. बुंध्याजवळची मूठभर माती एका भांड्यात पाण्यात कालवायची आणि वर लिंबू-संत्र्याच्या कोवळ्या पानांचे चौकोनी तुकडे तरंगत ठेवायचे. मातीत फायटोप्थोरा असेल तर ती वर पोहत येते, पानाच्या कापलेल्या कडेला चिकटते, आणि दोन-तीन दिवसांत त्या कडेवर सूक्ष्मदर्शकातून पिशव्या मोजता येतात. ते भांडं थोडा वेळ थंड करून परत खोलीच्या उबेत आणलं तर पिशव्या डोळ्यांदेखत फुटतात. आपल्या नागपूरच्या संत्र्यावर मुख्यतः हिच्या तीन जाती सापडतात, निकोशियानी, पाल्मिव्होरा आणि सिट्रोप्थोरा. पहिलीला उकाडा मानवतो, शेवटचीला जरा थंड हवा. म्हणजे बाराही महिने कुणी ना कुणी ड्युटीवर. या सगळ्याचा अभ्यास करणारी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आपल्या याच अमरावती रोडवर आहे, आणि देशाची माती मोजणारा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोही याच रोडवर. वाडीकरांना त्या दोन पाट्या रोज दिसतात, मात्र झाडाला काय झालं ते आपण गल्लीतच ठरवतो.

तेवढ्यात भाऊ परत आले. त्यांना आपल्या मिठाचं काय झालं ते ऐकायचं होतं.

भाऊंचा तर्क टाकाऊ नाही. खारं पाणी या पोहणाऱ्या बीजाणूंना खरोखरच जड जातं. क्षार वाढले की पिशव्या कमी धरतात, फुटतात कमी, आणि बाहेर पडलेले बीजाणू लवकर थकतात. तेवढ्यावर निकाल लागला असता तर सगळ्या संत्रा बागांत मिठाची पोती रिकामी झाली असती. पण झाडाचं मूळ त्याच पाण्यात असतं ना. वरूड-मोर्शीला आपण हौसेने विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतो, तर खऱ्या कॅलिफोर्नियात काय निघालं ते ऐका. डेव्हिसच्या विद्यापीठात मॅकडोनाल्ड या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये शेवंतीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि १९८६ मध्ये ब्लेकर व मॅकडोनाल्ड यांनी लिंबूवर्गीय रोपांवरचे. दोन्हीकडे गोष्ट तीच. खाऱ्या पाण्याचा ताण बसलेल्या रोपांची मुळं फायटोप्थोराने जास्त कुजली. खाऱ्या पाण्यात बीजाणूंचं बळ घटत होतं तरीसुद्धा.

का, तर मिठाचा फटका बसला की मुळाच्या पेशी गळायला लागतात. जे थोडं झिरपायचं ते भसाभस बाहेर येतं, म्हणजे बीजाणूंना आमंत्रण जातं. नवी मुळं फुटायची थांबतात, म्हणजे कुजलेल्याची भरपाई होत नाही. आणि रोगाशी झगडायची जी शक्ती झाडात असते ती पाणी ओढण्यातच खर्च होते. मीठ दोघांनाही लागतं, पण बुरशीला नुसता ठसका बसतो आणि मूळ आडवं पडतं.

आपल्याकडचं वेळापत्रक तर याहून वाईट. एप्रिल-मेमध्ये ऊन असं असतं की टाकलेलं पाणी वर उडून जातं आणि क्षार मुळाभोवती जमत राहतात. त्या दिवसांत मुळं जखमी होतात, पण बुरशीला पोहायला पाणी नसतं. मग मृगाचा पाऊस कोसळतो, क्षार धुऊन खाली जातात, पाणी गोडं होतं, आणि बीजाणूंना मोकळं रान मिळतं. समोर अजून न भरलेली, गळकी मुळं तयारच. मे आणि जूनची ही मिलीभगत आहे.

काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हनून आमच्या दर्यापूरले संत्रा नाही."

काकूंचं माहेर दर्यापूरचं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. खोलवर गाळाची काळी माती आणि तिच्याखाली खारं पाणी. काकू सांगतात, त्यांच्या लहानपणी विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, आणि पाहुण्याला चहा दिला की तो पहिला घोट घेऊन कपाकडे बघत असे. तिथली कपाशी, तूर, हरभरा नावाजलेला. संत्रा बघायचा तर सातपुड्याच्या पायथ्याकडे, अचलपूर-परतवाड्याच्या बाजूला जायचं.

याला हिशेब आहे. मातीतल्या पाण्याचा खारेपणा डेसिसायमनमध्ये मोजतात. प्रमाण मानल्या गेलेल्या जुन्या तक्त्यांत संत्र्याची सहनशक्ती १.७ ला संपते, तिथून पुढे दर डेसिसायमनला उत्पन्न साधारण १६ टक्क्यांनी घसरतं. कपाशी ७.७ पर्यंत हूं की चूं करत नाही. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याने हा तक्ता न वाचता पिढ्यान्‌पिढ्या कपाशी लावली.

पण खारपाणपट्ट्यातली मुख्य अडचण वेगळी, आणि डिंक्याच्या दृष्टीने तीच मोठी. तिथल्या क्षारांत सोडियम जास्त. सोडियम काळ्या मातीच्या कणांना एकमेकांपासून सोडवतो, सुटे कण मातीतली छिद्रं बुजवतात, आणि जमीन चोपण होते. अशा जमिनीवर पाऊस पडला की पाणी खाली उतरत नाही. वर चिखल, खाली दगड. आता जरा विचार करा, फायटोप्थोराला आयुष्यात हवं काय? साचलेलं पाणी आणि गुदमरलेलं मूळ. सोडियम दोन्ही हातात आणून देतो. म्हणजे क्षाराने बुरशी मरायची तर बाजूलाच, तिला पोहायला डबकं तयार करून मिळतं. चोपण जमिनीत जिप्सम टाकतात ते याच्यासाठी, जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हुसकतो आणि पाण्याला वाट मिळते. चर खणून निचरा केला नाही तर मात्र ते जिप्समही वाया.

"मंग," काकूंनी कप खाली ठेवला, "मी इतके दिवस तुमच्या झाडाले जहर पाजून राहिली का?"

ज्या क्षणाला मी भीत होते तो आला.

जहर नाही हो, मी म्हटलं, आणि ते खरंच आहे. घरचा आरओ एक लिटर पाणी प्यायला देतो आणि दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. त्यामुळे बाहेरच्या पाण्यातले क्षार मूळ पाण्याच्या काही पटींत नाही वाढत, दीडपटीच्या आतबाहेरच असतात. मूळ पाणी गोडं असेल तर बाहेरचंही झाडाला फार त्रास न देता चालून जातं. मूळ पाणीच बोअरचं, जड असेल तर मात्र गणित बदलतं, कारण रोज त्याच आळ्यात, रणरणत्या उन्हाळ्यात, थेंब थेंब. क्षार साचायला याहून चांगली पद्धत नाही. पण खरं सांगायचं तर त्या नळीचा मोठा गुन्हा खारेपणाचा नव्हताच. ती नळी बुंध्याला टेकलेली होती. बुंधा दिवसरात्र ओला. गंगाजळ सोडलं असतं तरी डिंक्या आलाच असता.

काटोलकडे म्हणून तर दुहेरी आळं करतात, बांगडी पद्धत. बुंध्याभोवती मातीचा उंचवटा, त्याच्याभोवती एक वरंबा, त्याच्या बाहेर दुसरा, आणि पाणी फक्त दोहोंच्या मधल्या बांगडीत. बुंधा कोरडा. इतकी साधी गोष्ट, पण ठिबकची नळी टाकताना बुंध्याशी गुंडाळून ठेवणारे आजही कमी नाहीत.

इथे भाऊंनी हुकमाचं पान काढलं. "माझ्या नातवाच्या फिशटँकमध्ये माशाच्या अंगावर पांढरा कापूस आला होता. दुकानदारानं मीठच टाकायले सांगितलं. टाकलं. कापूस गेला. आता बोला!"

बोलायचं काय, भाऊ तिथे सोळा आणे बरोबर आहेत. माशाच्या अंगावरचा कापूस म्हणजे सॅप्रोलेग्निया, ही फायटोप्थोराचीच भाऊबंद आणि पक्की गोड्या पाण्यातली. मेलेली माशी डबक्याच्या पाण्यात दोन-चार दिवस टाकून ठेवली तर तिच्याभोवती पांढऱ्या केसांचा जो गोळा होतो, तो हिच्याच जातकुळीचा. लिटरला एक ते तीन ग्रॅम मीठ, बहुतेक मासे ते सोसतात, सॅप्रोलेग्नियाची वाढ मंदावते. मत्स्यबीज केंद्रांत पूर्वी मॅलाकाइट ग्रीन हे हिरवं रंगद्रव्य वापरत, पण ते माणसाला घातक ठरल्यामुळे खायच्या माशांसाठी बंद झालं. मीठ टिकून राहिलं. टाकीत मीठ चालतं कारण मासा ते मीठ सहन करतो आणि काम झालं की पाणी बदलता येतं. संत्रा मीठ सहन करत नाही आणि जमिनीतलं पाणी बदलता येत नाही. फरक औषधात नाही, रोग्यात आहे.

माशांवरून ढिवर-भोई लोकांची एक जुनी डोकेदुखी आठवते. हिवाळ्यात मरळीच्या अंगावर लाल जखमा पडतात, मांस सडून खोल खड्डे होतात, आणि बाजारात ती मासळी कुणी हातात घेत नाही. तीही पाण्यातल्या याच टोळीची करणी, नाव अफॅनोमायसिस इन्व्हाडन्स. १९७१ मध्ये जपानमध्ये पहिल्यांदा दिसली, पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात, आणि १९८८ मध्ये ईशान्येकडून भारतात शिरली. मरळीला ती हमखास गाठते, तिलापिया मात्र तिला जुमानत नाही. तिची नाडी मिठातच आहे. पाण्यात हजारी दोन भाग मीठ झालं की तिचा प्रसार थांबतो. खाडीतल्या माशांना ती गाठते तीही मुसळधार पावसानंतर खाडीचं पाणी गोडं झालं की. म्हणून मत्स्यवाले तळ्यात चुना आणि मीठ टाका सांगतात तेव्हा ते गावठी उपाय म्हणून हसण्यावारी नेऊ नये. फक्त मालगुजारी तलावाएवढ्या पाण्याला हजारी दोन भाग मीठ टाकायचं तर ट्रक लागतील, आणि तो तलाव खाली धानाला पाणी देतो, हेही ध्यानात ठेवावं. छोट्या टाकीत, छोट्या तळ्यात ठीक.

आता कुणी म्हणेल, मीठ या सगळ्यांनाच नकोसं. तसंही नाही. गोव्यात मांडवी-झुवारीच्या काठी, चोडण बेटावर खारफुटीची पानं गळून चिखलात पडतात, ती आधी कुरतडायला जे येतात त्यांत हॅलोफायटोप्थोरा नावाची फायटोप्थोराची खारी शाखा असते. मिठाच्या पाण्यात पोहायचा तिला रोजचा सराव. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत खारफुटीच्या पानांवरच्या अशा जिवांचा अभ्यास झालेला आहे. ती सडवते म्हणून खेकड्या-कोळंबीला खायला मिळतं. त्याच किनाऱ्यावर चार पावलं आत आलात, तर सुपारीच्या बागेत कोळेरोग पाडणारी तिची गोड्या पाण्यातली बहीण भेटेल. एकाच खानदानातली एक सून खाडीत नांदते आणि एक बागेत, दोघींचा स्वयंपाक वेगळा.

काकूंना ही खानदानाची बोली बरोबर समजली. "आमच्या धाकटीसारखं," त्या म्हणाल्या, आणि मग धाकटीचा विषय निघाला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

भाऊ मात्र हिरमुसले होते. मिठाचा मामला हातचा जात होता. त्यांना मी बोर्डोची गोष्ट सांगितली. फ्रान्सात बोर्डो शहराच्या बाजूला द्राक्षमळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना कालवून फासत. कशासाठी, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षं चोरून खाऊ नयेत. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की बाकी मळा रोगाने करपलाय आणि या चोरांच्या धास्तीने फासलेल्या वेली मात्र हिरव्यागार आहेत. त्याने पुढे प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते मिश्रण जगाला सांगितलं. तो रोग म्हणजे नाशिकचे बागायतदार ज्याला नुसतं डाऊनी म्हणतात तोच, आणि तोही बुरशी नव्हे, याच पाण्यातल्या टोळीतला. तांब्याचा अंशसुद्धा या पोहणाऱ्या बीजाणूंना सोसत नाही. चुना तांब्याला धरून ठेवतो, त्यामुळे झाड भाजत नाही आणि लेप पावसातही काही काळ टिकतो.

"आणि मोरचूद म्हणजे काय, भाऊ? तांब्याचा क्षारच की. तुमचं मीठ बरोबर होतं, डबा तेवढा चुकला."

भाऊ इतके खूश झाले की बोर्डो पेस्ट स्वतः कालवून आणतो म्हणाले. प्रमाण सांगून ठेवते, कारण गल्लीत ते तीन तऱ्हांनी सांगितलं जाईल: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत भिजवायचा, लोखंडाची बादली चालत नाही. मग दोन्ही एकत्र ओतायचं. कुजलेली साल चाकूने खरवडून जाळून टाकायची, आणि बुंध्याला जमिनीपासून कमरेपर्यंत लेप द्यायचा, एकदा पावसाळ्याआधी, एकदा पावसाळ्यानंतर. मुळं जास्त गेली असतील तर मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबची आळवणी किंवा फोसेटिलची फवारणी. पण पाणी साचणं थांबवलं नाही तर तेही दुकानदाराच्या फायद्याचं.

कुलरच्या टाकीतल्या डासांचा विषयही त्यातच निघाला. या टोळीत एक कामाची निघाली आहे, लॅजेनिडियम, ती डासांच्या अळ्या फस्त करते. पण तिला पाणी स्वच्छ आणि गोडं लागतं, खाऱ्या किंवा घाण पाण्यात ती हात टेकते. आपल्या कुलरमधलं पाणी उडून उडून किती जड झालेलं असतं ते पॅडवरच्या पांढऱ्या थरावरून दिसतंच. तेव्हा आठवड्याला टाकी घासणं सुटलेलं नाही.

माझं मत विचाराल तर विदर्भात डिंक्याची निम्मी लढाई रोप लावायच्या दिवशीच हरली जाते. आपला बहुतेक संत्रा जंबेरीच्या खुंटावर, म्हणजे मुळं जंबेरीची आणि वर डोळा संत्र्याचा, असा बांधलेला. जंबेरी जोमाने वाढते, नर्सरीवाल्याला परवडते, पण फायटोप्थोरापुढे कच्ची. रंगपूर लाईमचा खुंट क्षार सोसण्यात नावाजलेला आणि फायटोप्थोरालाही जंबेरीपेक्षा बरा. तीन पानांचा ट्रायफोलिएट खुंट फायटोप्थोराला दाद देत नाही, पण त्याला क्लोराईड आणि आपली चुनखडीची काळी जमीन सोसत नाही. एकच खुंट सगळीकडे चालेल असं नाही, तुमचं पाणी कसं आणि जमीन कशी त्यावर ठरतं. त्यातही नर्सरीच्या पिशवीतली माती रोगट असेल तर आपण झाडाबरोबर रोग विकत आणतो. अमरावती रोडवरच्या संस्थेने रोगमुक्त कलमांची जी पद्धत बसवली, तिच्यात पिशवीत भरायची माती आधी उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिकखाली तापवतात. नागपूरचं ऊन आपण वर्षानुवर्षं शिव्या घालून घालवतो, ते इथे फुकटात उपयोगी पडतं.

तेव्हा येत्या पावसाळ्यात संत्रा लावणार असाल, मग तो अंगणात एक असो की काटोलला दोन एकर, नर्सरीत फळाचा आकार विचारायच्या आधी एवढं विचारा: खुंट कोणता, डोळा जमिनीपासून किती वर बांधलाय, आणि पिशवीतली माती तापवलेली आहे का. डोळा वीतभराच्या खाली असेल तर ते कलम घेऊ नका. लावताना जोड मातीत गाडू नका. आणि विहिरीचं किंवा बोअरचं पाणी त्याआधी एकदा माती-पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या.